शेवटचा डबा गेल्यावर

कुत्र्याचं नाव डबा. हे नाव कुणी विचार करून ठेवलेलं नव्हतं. फाटकवाला रुळांच्या कडेनं चालायला लागला की ते पिल्लू त्याच्या मागोमाग लुटूलुटू यायचं, तेव्हा रूळ तपासायला येणाऱ्या टोळीतला एक जण म्हणाला, "आलं बघा इंजिन, मागून डबापण आला." टोळी हसली, फाटकवालाही हसला आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे पिल्लाचं चांगलं दांडगं कुत्रं झालं. एक कान उभा, एक पडका, रंग रुळांखालच्या खडीचा. त्याला हाक मारली की नवख्या माणसाला वाटायचं, हा जेवणाचा डबा शोधतोय.

फाटकावरची खोली म्हणजे एक दार, एक खिडकी, एक टेलिफोन आणि बाहेर फाटक वरखाली करायचं चाक. वस्ती लांब. रस्त्यानं येणारे लोक फाटक बंद दिसलं की कपाळाला आठ्या घालून थांबायचे आणि उघडलं की मागे न बघता निघून जायचे. त्यांचं फाटकवाल्याशी बोलणं एवढंच, "अजून किती वेळ?" त्याच्याकडे बघून हात करायचे ते गाडीवाले. तो हिरवी झेंडी धरून उभा राहायचा, इंजिनातून ड्रायव्हर हात वर करायचा, शेवटच्या डब्यातून गार्ड. त्यात काही जिव्हाळा होता असं नाही, तो नियमच होता. इकडे सगळं ठीक आहे, हे यानं सांगायचं आणि त्यांनी ऐकलं म्हणायचं. पण वर्षानुवर्षं रोज कुणी ना कुणी तुम्हाला हात करत असेल तर त्याची सवय होते, आणि सवय झाली की ते हक्काचं वाटायला लागतं.

बायको होती, थोडे दिवस. तिला गाड्यांच्या आवाजाचा त्रास नव्हता. दोन गाड्यांच्या मध्ये जे सामसूम व्हायचं ते तिला खायला उठायचं. ती भावाकडे गेली ती परत आली नाही. हाही आणायला गेला नाही, कारण फाटक टाकून जायचं कसं? निदान सांगताना तरी तो असंच सांगायचा.

गाडीची वर्दी द्यायला टेलिफोन होता, घंटा होती. पण त्याचा खरा भरवसा फळीवरच्या दोन स्टीलच्या पेल्यांवर. ते त्यानं एकमेकांना जेमतेम टेकतील असे ठेवलेले असायचे. गाडी लांब वळणावर आली की जमीन थरथरायची आणि पेले किणकिणू लागायचे. टेलिफोन अधूनमधून मुका व्हायचा, पेले कधी झाले नाहीत. पेले वाजले की फाटकवाला खुंटीवरची झेंडी घ्यायचा आणि डबा दारात येऊन बसायचा. बसायचा म्हणजे बसायचा. याच्याआधीचं कुत्रं मालगाडीखाली गेलं होतं, तेव्हापासून फाटकवाल्यानं कानाला खडा लावला होता, की पुन्हा कुत्रं पाळलंच तर त्याला सगळ्यात आधी थांबायला शिकवायचं. गाडी धडधडत जायची. शेवटचा डबा जायचा, त्याच्या मागचा तांबडा दिवा बारीक होत जायचा, मग फाटकवाला झेंडी गुंडाळत म्हणायचा, "हं, मोकळा." तेव्हा कुठे डबा उठायचा आणि उतारावरून झुडपांकडे सुसाट पळायचा.

मग रुळांवरून पूल झाला. पूल झाल्यावर फाटक कशाला, आणि फाटक नाही तर फाटकवाला कशाला? त्याची बदली शहरात झाली, रेल्वेच्या भांडारात. तिथे दिवे, झेंड्या, दोरखंड, रंगाचे डबे फळ्यांवर छतापर्यंत रचलेले. समोर लाकडी चौकटीची बुटकी खिडकी. खिडकीतून एक हात आत यायचा, काय हवं ते आवाज सांगायचा, फाटकवाला वस्तू त्या हातात ठेवायचा, हात निघून जायचा. चौकट इतकी खाली होती, की तोंड बघायचं तर स्टुलावरून उतरून वाकावं लागे, आणि वाकून बघावं असं कुणी नव्हतं. इथेही दिवसभर हातच, पण ते सगळे मागणारे.

राहायला त्यानं एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या घरातली मधल्या मजल्यावरची खोली घेतली. खाली बाईंचं दुकान, वरच्या मजल्यावर एक नर्सबाई. खोलीला एक चिंचोळी गॅलरी होती, गॅलरीत आधीच्या भाडेकरूनं सोडलेली वाळकी कुंडी. रेल्वे इथून दूर. रात्री गाडीची शिट्टीसुद्धा ऐकू यायची नाही. फाटकवाल्यानं पिशवीतून सामान काढलं, फळीवर दोन पेले जेमतेम टेकतील असे ठेवले, झेंडी ट्रंकेत तळाशी टाकली आणि डब्याला म्हणाला, "आता इथंच." डब्यानं सगळे कोपरे हुंगले आणि भिंतीला पाठ लावून बसला.

आल्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी खालून हाक आली.

"अहो फाटकवाले, खाली या जरा."

शिवणवाल्या बाई खिडकीशी उभ्या होत्या. खिडकीच्या गजांना त्या तयार कपडे टांगत आणि त्याच्या बरोबर वर गॅलरीची मोरी होती. बाईंनी एक पांढरा सदरा दोन बोटांच्या चिमटीत धरला होता.

"हे काय आहे?"

"पाणी असेल," फाटकवाला म्हणाला.

"वास घ्या."

त्यानं घेतला. पाणी नव्हतं.

"नवी जागा आहे बाई. शिकेल."

"शिकू दे," बाई म्हणाल्या. "माणूस म्हणून माझी तुमच्याबद्दल तक्रार नाही. पण माझं पोट या कपड्यांवर आहे."

डबा शिकला नाही. फाटकवाला त्याला कामावर जायच्या आधी बाहेर न्यायचा, आल्या आल्या न्यायचा. गल्लीतून मोठ्या रस्त्याला, रस्त्यावरून बागेला, बागेच्या कुंपणाला वळसा घालून परत. डबा प्रत्येक खांब हुंगायचा, प्रत्येक झाड हुंगायचा, इतर कुत्री काय करतात ते नीट बघायचा आणि पुढे चालायला लागायचा. "अरे, कर की," फाटकवाला हळूच म्हणायचा. "सगळे करतायत, तुला काय धाड भरलीय?" आपणच आडोशाला जाऊन दाखवावं की काय, असंही एकदा त्याच्या मनात येऊन गेलं, पण शहरात आडोसा तरी कुठे होता? दोघं पाय ओढत घरी यायचे. आणि मग कधीतरी, याची पाठ वळली की किंवा हा कामावर गेला की, गॅलरीतल्या कुंडीपाशी थारोळं.

जनावरांच्या डॉक्टरनं पोट दाबून बघितलं आणि कुत्रं ठणठणीत असल्याचं सांगितलं. म्हणजे दुखणं नाही. मग राहिला तो राग. फाटकवाल्यानं मनाशी धरलं की डबा आपल्यावर सूड उगवतोय. उघड्यावरून आणून या खुराड्यात कोंडलं म्हणून. एका संध्याकाळी तो त्याच्यावर ओरडला, पहिल्यांदाच, आणि नंतर त्याच्याकडे पाठ करून जेवला. डबा त्याच्या पाठीमागे ताटकळत बसून राहिला. खोलीत दोन जीव होते आणि दोघंही एकटे होते.

थोरल्या बहिणीचा फोन आला तेव्हा त्यानं तिला सांगितलं.

"अरे, मग देऊन टाक ना कुणाला," ताई म्हणाली. "एका कुत्र्यापायी जागा घालवणार आहेस का?"

"देऊन टाकतो," तो म्हणाला आणि दुसरं काहीतरी बोलू लागला.

बाईंनी तेही सोपं करून ठेवलं होतं. पुन्हा एकदा कपडे खराब झाले, या वेळी निळा कोट, त्या दिवशी त्या वर आल्या आणि उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्तच भीती वाटली.

"हा महिना संपेपर्यंत मी बघते. माझ्या दिराचं भंगाराचं गोदाम आहे, त्याला राखणीला कुत्रं हवंच आहे. साखळीला बांधून ठेवील, पण खायला घालील पोटभर. तुम्हाला नसेल पटत तर दुसरी जागा बघा. मी काही वाईट बोलत नाही ना?"

"नाही," फाटकवाला म्हणाला. कुत्र्यासकट ठेवून घेणारी जागा शोधून तो आधीच थकला होता, ही एकच मिळाली होती. डब्याला त्यानं आजवर साखळी कशी असते ते दाखवलंही नव्हतं. बाहेर नेतानासुद्धा एक सुती दोरी असायची, तीही शहराच्या धसक्यानं. बाई गेल्या, आणि त्याच्या डोळ्यांसमोर भंगाराचा ढीग, त्यातला एक खुंटा आणि खुंट्याभोवती गोल गोल फिरणारा डबा, असं सगळं आलं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी तो जमिनीवर बसून सदऱ्याला बटण लावत होता. डबा भिंतीशी पडलेला. वर नर्सबाई कामावरून आल्या, त्यांच्या चपला वाजल्या, नळ वाजला. थोड्या वेळानं फळीवर किण झालं. अगदी बारीक. मग पुन्हा एकदा, मग किणकिण, किणकिण.

फाटकवाला उभा होता. कधी उठला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. डाव्या हातात सदरा लोंबकळतोय आणि उजवा हात भिंतीकडे गेलेला, जिथे खुंटी नव्हतीच. डबाही उठला होता. तो गॅलरीच्या दारात जाऊन ताठ बसला. डोक्यावर नर्सबाईंचं धुण्याचं मशीन गरगरायला लागलं, छत थरथरलं, खिडकीच्या काचा झणझणल्या, पेल्यांनी नुसता थयथयाट केला. मग तो आवाज उतरत गेला, लांब लांब जात असल्यासारखा बारीक होत गेला आणि थांबला. सगळं एकदम शांत झालं. त्या शांततेत फाटकवाल्यानं स्वतःचा आवाज ऐकला.

"हं, मोकळा."

डबा लगेच उठला, गॅलरीत कुंडीपाशी गेला, बराच वेळ पाय वर करून उभा राहिला आणि शेपूट हलवत परत येऊन याच्या तोंडाकडे बघू लागला. आपलं काही चुकलं, असं त्याच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. चुकलं नव्हतंच. इमानेइतबारे त्यानं नियम पाळला होता. गाडी आली, गाडी गेली, धन्यानं सांगितलं, तो मोकळा झाला. धनी कामावर असला तर गाडी गेली एवढंच त्याला पुरत असणार. बाहेर बिनगाडीच्या रस्त्यावर तो कसा काय मोकळा होणार? फाटकावर एकदा पुढे कुठेतरी घोटाळा होऊन गाड्या अडकल्या होत्या, तेव्हा हाच डबा दुपारभर दारात बसून कुंथत होता, पण त्यानं उंबरा ओलांडला नव्हता. फाटकवाल्याला तेव्हा त्याचं केवढं कौतुक वाटलं होतं. आणि इथे येऊन हेच पेले, तसेच टेकवून, आपल्याच हातानं फळीवर मांडले होते. घंटा बरोबर आणली होती, फाटक तेवढं मागे राहिलं होतं.

त्याला हसू आलं. तो हसत हसत खाली बसला आणि मग त्याच्या डोळ्यांतून जे पाणी यायला लागलं ते हसण्याचं नव्हतं. "मोकळा" असं आजवर या खोलीत आपण किती वेळा पुटपुटलो असू, कोण जाणे. इतके दिवस त्याची समजूत होती की आपण इथे आलोय आणि कुत्र्याचंच मन अजून तिकडे आहे. मग झेंडीसाठी भिंतीवर हात कुणाचा गेला होता? त्यानं डब्याचा पडका कान हातात घेतला आणि म्हणाला, "ओरडलो रे मी तुझ्यावर." डब्यानं ते केव्हाच सोडून दिलं होतं.

त्यानं पेले फळीच्या दोन टोकांना ठेवले, खाली फडकं घातलं. मशीन लागलं की डबा अजूनही मान वर करायचा, पण फाटकवाला त्याच्या पाठीवर हात ठेवून "बस" म्हणायचा आणि स्वतःचे ओठ घट्ट मिटून घ्यायचा. कुत्र्याला गप्प बसवणं सोपं होतं. स्वतःच्या तोंडातून तो शब्द निसटू न देणं अवघड. खरा घोर दिवसाचा होता, हा भांडारात असताना. तेव्हा तो गॅलरीच्या दाराला कडी घालून जाऊ लागला आणि दिवसभर जीव टांगणीला लावून बसू लागला. घरात थांबायचं हे ठरलं, पण मोकळं कुठे व्हायचं? त्यालाही काही हद्द असते.

पहिल्यांदा त्यानं पेले खिशात घालून नेले आणि बागेच्या कुंपणाशी वाजवले. डबा तत्काळ ताठ बसला. फाटकवाला हरखला. मग दोघंही थांबले. गाडी येईना. कुठून येणार? शेवटी त्यानं जरा खाकरून "हं, मोकळा," असं म्हणून बघितलं. डब्यानं त्याच्याकडे अशा काही नजरेनं बघितलं की फाटकवाल्याला शरम वाटली. गाडी गेली नसताना गेली म्हणायचं, हे त्यानं नोकरीत कधी केलं नव्हतं. बाजूनं जाणाऱ्या एका जोडप्यानं पेल्यांकडे बघितलं आणि ते थोडे लांबून गेले.

गाडी सापडली ती मोठ्या रस्त्याच्या कोपऱ्यावर. तिथे जमिनीखालचे नळ दुरुस्त करायला रस्ता खणला होता आणि वाहनं जावीत म्हणून खड्ड्यावर जाड लोखंडी पत्रे टाकले होते. दोघं पलीकडच्या फुटपाथवरून चालले होते, एवढ्यात बस आली. तिची पुढची चाकं पत्र्यांवर चढली, मग मागची, धाड-धाड, धाड-धाड. फुटपाथ पायाखाली हादरला. डबा जागच्या जागी बसला, उभा कान पुढे. फाटकवाल्यानंही पाय जुळवले. बस गेली, तिच्या मागचा तांबडा दिवा वळणावर दिसेनासा झाला आणि फाटकवाला म्हणाला, "हं, मोकळा," या वेळी खरं खरं. डबा उठला. शेजारी मोकळ्या जागेत रानगवत वाढलं होतं, त्यात शिरला. फाटकवाला दुसरीकडे बघत उभा राहिला, बघितलं तर बिनसेल म्हणून. नुसता आवाज ऐकून त्याला इतका आनंद झाला की तो कुणाला सांगायचीही सोय नव्हती. म्हणून कुणालाच सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं ट्रंकेच्या तळातून झेंडी काढली. झेंडीची तशी गरज होती का? कुत्र्याला नसेलही. पण काम करायचं तर रीतसर करायचं, असं त्यानं स्वतःला सांगितलं. तेव्हापासून सकाळी कामावर जाण्याआधी आणि संध्याकाळी आल्यावर तो कोपऱ्यावर उभा राहू लागला. बस दिसली की हात लांब करून हिरवी झेंडी धरायची. सगळं ठीक आहे, असा तिचा अर्थ. त्याचं स्वतःचं ठीक म्हणावं असं फारसं काही नव्हतं, पण झेंडीला ते विचारायचं नसतं.

लोक बघायचे. हसायचेही. सकाळची बस एक बाई चालवायची. भरल्या अंगाची, मनगटावर रुमाल बांधलेली. पहिले काही दिवस ती नुसतीच बघत गेली. मग एकदा पुढे सिग्नलमुळे वाहनं तुंबली आणि बस बरोबर याच्यासमोर थांबली. तिनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"काका, झेंडी कशाला?"

"कुत्र्यासाठी."

"कुत्र्यासाठी?"

"गाडी गेल्याशिवाय तो करत नाही."

"काय करत नाही?"

फाटकवाला ओशाळला. "फाटकावर होतो मी, रेल्वेच्या," तो म्हणाला. "तिथली सवय आहे त्याला."

तिनं डब्याकडे बघितलं. डबा ताठ बसून तिच्या पुढच्या चाकाकडे बघत होता. मागची वाहनं भोंगे वाजवायला लागली, तेव्हा तिनं गिअर टाकला.

"म्हणजे माझ्यासाठी अडून बसलाय म्हणा की," ती म्हणाली आणि बस घेऊन गेली.

महिना संपत आला. कपडे कोरडे राहत होते, पण शिवणवाल्या बाई मानायला तयार नव्हत्या. "आठ दिवस पाऊल सरळ पडलं म्हणजे चाल सुधारली असं नसतं," त्या म्हणाल्या आणि खिडकीतून मान वर करून मोरीखाली वास घेऊन बघू लागल्या. दीर येऊन कुत्रं बघून गेला होता. त्यानं डब्याची छाती चाचपली आणि पसंत केली. फाटकवाला त्या वेळी जिन्यात उभा होता, सुती दोरी हातात घट्ट धरून.

आणि एका सकाळी तो कोपऱ्यावर आला, तर पत्रे नव्हते. खड्डा बुजवून वर डांबर ओतलं होतं, काळंभोर, तुळतुळीत. डबा नेहमीच्या जागी बसला. बस आली ती लोण्यावरून घसरावी तशी आली. जमीन हलली नाही, काही वाजलं नाही. डबा तिच्याकडे बघतसुद्धा नव्हता, तो लांब रस्त्याच्या टोकाकडे बघत होता, खरी गाडी कधी येते म्हणून. फाटकवाल्याचा हात झेंडीसकट तसाच लांब होता. आज हा असाच परत आला तर दिवसभर कोंडून राहील, आणि कुठपर्यंत राहील? मग साखळी.

बस चालवणाऱ्या बाईनं समोरचा सपाट रस्ता बघितला, झेंडी बघितली, ढिम्म बसलेलं कुत्रं बघितलं. मग तिनं भोंग्यावर हात ठेवला तो उचललाच नाही. लांबलचक, घसा ताणून वाजवावा तसा भोंगा वाजवत ती आली. फुटपाथवरचे लोक दचकून मागे सरले. डब्याचा पडका कान उभा झाला. बस समोर आली तेव्हा बाईनं खिडकीतून रुमाल बांधलेला हात बाहेर काढून सरळ वर केला. शहरात आल्यापासून फाटकवाल्याकडे बघून कुणी हात केला नव्हता. बस गेली, तांबडा दिवा वळला. "हं," एवढंच त्याच्या तोंडून आलं, पुढचा शब्द फुटेना. डबा त्या "हं"वरच उठला आणि गवतात गेला.

त्यानंतर गाडं मार्गी लागलं. आधी भोंगा वाजवणारी बस लागायची, मग कुठलीही बस चालू लागली, मग नुसती झेंडी, मग नुसतं "मोकळा". शिवणवाल्या बाईंनी महिन्यावर आणखी थोडे दिवस जाऊ दिले, दिराला दुसरं कुत्रं मिळालं, आणि एका संध्याकाळी जिन्यात त्यांनी फाटकवाल्याला अडवलं.

"शिकलं म्हणायचं तुमचं कुत्रं."

"शिकला."

"ते फडकं द्या इकडे. टोकाला उसवलंय, कधीची बघतेय मी." त्यांनी झेंडी घेतली, मशीनवर चारी कडांना दुहेरी शिवण मारली आणि परत देताना म्हणाल्या, "आता काय, लागणारही नाही म्हणा तुम्हाला."

खरंच लागत नव्हती. आता डबा दारातून बाहेर पडला की गल्लीतल्या पहिल्याच खांबाशी चटकन उरकायचा आणि घराकडे वळायचा. इतर कुत्र्यांसारखा, चारचौघांसारखा. दोरी हातात धरून फाटकवाला मात्र वळायचा नाही. "जरा कोपऱ्यापर्यंत," तो म्हणायचा. डबा यायचा.

त्या सकाळी दोघं कोपऱ्यावर उभे राहिले. डब्याचं मघाशीच झालं होतं. बस दिसली, फाटकवाल्यानं पाय जुळवले, हात लांब केला. नवी शिवण मारलेली झेंडी वाऱ्यावर छान ताठ उभी राहिली. बस जवळ आली. आत कुणीतरी दुसराच होता, तरणा, चष्मा लावलेला. त्यानं समोरचा रस्ता बघितला, उजवीकडचा आरसा बघितला, आणि बस निघून गेली.

फाटकवाला तांबडा दिवा वळेपर्यंत बघत राहिला. नंतरही राहिला. बाईची बदली झाली असेल, सुट्टी असेल, पाळी बदलली असेल. हे सगळं त्याला कळत होतं; त्याचीही बदली झालीच होती की, आणि तो फाटकावरून निघाला त्या दिवशी कुठल्या ड्रायव्हरनं गाडी थांबवून विचारलं नव्हतं. भांडारात जायची वेळ झाली होती. खिडकीत हात येऊन उभे असतील. पण त्याचा पाय निघेना. शेवटचा डबा गेला होता, आणि आता झालं, सुटलास, असं त्याला म्हणणारं त्या रस्त्यावर कुणी नव्हतं. पुढची बस येईल, तिच्यात कोण असेल सांगता येत नाही, असं म्हणत त्यानं झेंडी गुंडाळली नाही.

डब्यानं एकदा घराच्या दिशेनं बघितलं, एकदा धन्याच्या तोंडाकडे बघितलं. मग तो त्याच्या पायाशी ताठ बसला. थांबायला तर तो सगळ्यात आधी शिकला होता.